बिनदुधाचा लांब पेला

दूध-साखर वर्ज्य करण्याचा प्रसंग ज्या घरावर येतो, त्या घरांत पथ्याचा पहिला वाद भातावरून किंवा पोळीवरून होत नाहीं. तो सकाळच्या कॉफीवरून होतो. भात अर्धा करतां येतो, पक्वान्न सणापुरतें ठेवतां येतें. परंतु चाळीस-पन्नास वर्षें रोज पहांटे ज्यानें जायफळ लावलेली, दुधाची, दोन चमचे साखरेची कॉफी घेतली, त्याच्यापुढें एके दिवशीं काळ्या पाण्याचा पेला ठेवणें म्हणजे त्याच्या दिवसाचा आरंभच काढून घेण्यासारखें आहे. गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं कांहींत हीच अडचण निरनिराळ्या शब्दांनीं मांडलेली आहे. एकीच्या सासऱ्यांस मधुमेह निघाला. एकीच्या यजमानांस दूध सोसेनासें झालें. आणि एकीचा मुलगा बंगळूरहून एस्प्रेसोचें यंत्र घेऊन आला, त्यांतून निघालेली घोटभर कॉफी घरांतील वडील मंडळींनीं औषध समजून घेतली, व दुसऱ्या दिवशीं पुन्हा दुधाचें पातेलें शेगडीवर चढलें. या शेवटच्या भगिनी विचारतात, “हीच कॉफी पेलाभर करावयाची तर कशी?”

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कारण त्याचें जें उत्तर प्रथम सुचतें तेंच चुकीचें आहे. लहान पेला मोठा करावयाचा तर यंत्रांतून आणखी पाणी सोडावें, असें कोणासही वाटेल. तसें केलें म्हणजे पेला भरतो खरा. पण दोन घोटांनंतर जिभेवर जो कडवटपणा राहतो आणि तोंडाला जी कोरड पडते, तिच्यामुळें वडील मंडळींचें बिनदुधाच्या कॉफीविषयींचें मत कायमचें ठरून जातें. पुढें कितीही चांगली करून द्या, पेल्याला हात लागत नाहीं. म्हणून हा विषय आम्ही आज जरा विस्तारानें घेत आहों. येथें प्रश्न केवळ चवीचा नसून पथ्य टिकण्याचा आहे. ज्याला बिनसाखरेची कॉफी आवडली त्याचें पथ्य टिकतें. ज्याला ती सोसावी लागते तो आठव्या दिवशीं साखरेचा डबा स्वतः हुडकून काढतो.

आमच्या सौंदडकडे एस्प्रेसो हा शब्द अपरिचित नाहीं. मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकांस हें गांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता आणि गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग जेथें एकमेकांस भेटतात, तेथें तें वसलें आहे; पूर्वी भंडारा जिल्ह्यांत होतें, १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा निघाल्यापासून त्या जिल्ह्यांत आहे. भोंवतीं भातशेती, तलाव आणि जंगल. येथील माणूस मुळांत चहाचा. कॉफी भेटते ती लग्नाच्या स्वागतसमारंभांत. मांडवाच्या एका कोपऱ्यांत फुस्स आवाज करणारें चकचकीत यंत्र उभें असतें; त्याच्यामागें उभा असलेला मनुष्य झटपट कॉफीची पूड व साखर घोटून त्यावर दूध ओततो, वाफेच्या नळीनें फेंस आणतो आणि वर चिमूटभर कोको भुरभुरवतो. तिलाच लहानथोर सर्व एस्प्रेसो म्हणतात. ती चवदार असते, व थंडीच्या रात्रीं तिच्यापुढें रांग लागते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तींत एस्प्रेसोपैकीं वाफ काय ती आहे.

तरीही त्या वाफेला इतिहास आहे. इटलींतील तूरीन शहरीं आंजेलो मोरियोंदो यानें १८८४ सालीं वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यानें १९०१ सालीं आपल्या यंत्राचें घेतलें, आणि देझिदेरियो पावोनी यानें पुढें तें बाजारांत आणलें. या यंत्रांतील दाब वाफेचा, म्हणजे वातावरणाच्या जेमतेम दीडपट. कॉफी लवकर निघे, पण करपट लागे व तिच्यावर फेंस नसे. आकिल्ले गाज्जा यानें १९३८ सालीं वाफेला फांटा देऊन गरम पाणीच दाबानें पुडींतून ढकलण्याची युक्ति पेटंट केली, आणि महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, दांड्याचीं व स्प्रिंगचीं यंत्रें निघूं लागलीं. दाब आठ-नऊ पटींवर गेला आणि पेल्यावर सोनेरी साय धरूं लागली. मात्र दांड्याखालच्या नळकांड्यांत पाणी थोडेंच मावत असल्यामुळें पेला आखूड झाला. आज जो घोटभर पेला इटलीचा म्हणून मिरवतो, त्याचें माप असें यंत्राच्या पोटावरून ठरलें आहे. खुद्द इटलींतही लांब पेला मागणारे आहेत, आणि त्याला तेथें ‘लुंगो’, म्हणजे लांब, असें सरळ नांव आहे. तेव्हां ज्यांना पेलाभर कॉफी हवीशी वाटते, त्यांनीं आपल्याला रसिकता नाहीं असें मानूं नये.

आतां पुडींत काय घडतें तें पाहूं. कारण तें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुढील कृति पाठ करावी लागत नाहीं. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकीं शेंकडा सुमारें ३० भाग पाण्यांत विरघळूं शकतो; बाकीचा लांकडासारखा गाभा आहे. परंतु जें जें विरघळतें तें सर्व पेल्यांत यावें असें नाहीं. अमेरिकेंत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि पुडीच्या वजनाचा शेंकडा १८ ते २२ भाग पेल्यांत उतरला असतां चव उत्तम, अशी मर्यादा रूढ झाली. याहून कमी उतरला तर कॉफी आंबट व पोकळ लागते. अधिक उतरला तर कडू व तुरट. याचें कारण असें कीं, पुडींतील सर्व पदार्थ एकाच वेगानें उतरत नाहींत. आम्लें आणि सुवास आधीं येतात, मागून गोडसरपणा येतो, आणि जड, कडवट भाग सर्वांच्या शेवटीं रेंगाळत येतो. उंसाचीं चिपाडें चरकांत तिसऱ्यांदां घातलीं तर रस निघतो, पण त्यांत सालीची चव उतरते. तसेंच हें आहे.

ज्यांच्या घरीं यंत्र आहे त्यांनीं हें पुस्तकांतून मानण्यापेक्षां जिभेनें पाहावें. त्याला तीन लहान पेले व एक तोलकांटा एवढें पुरे. नेहमींप्रमाणें १८ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें दीड तोळा, पूड यंत्राच्या चाळणींत दाबून भरावी आणि धार सुरू झाली कीं खालीं पहिला पेला धरावा. वीस ग्रॅम भरतांच तो काढून दुसरा सरकवावा. तो वीस ग्रॅम झाला कीं तिसरा, आणि तो तीस ग्रॅमपर्यंत भरूं द्यावा. आमच्याकडे पंचाहत्तरी ओलांडलेल्या अण्णांवर हा प्रयोग त्यांच्या नातवानें केला. “अण्णा, तिन्ही चाखा, पण क्रमानें,” असें सांगून त्यानें पेले पुढें मांडले. पहिल्या घोटाला अण्णांनीं डोळे मिटले व म्हणाले, “अरे, हा चिंचेचा कोळ कीं कॉफी?” दुसऱ्याला ते कांहीं बोलले नाहींत, त्यांना ओळखणारांस हें चांगलें प्रमाणपत्र वाटेल. तिसरा पेला त्यांनीं नुसता हुंगून खालीं ठेवला. “भांडें विसळल्याचें पाणी आहे हें. चिमटीभर साखर घाल, म्हणजे पिईन.”

या एका वाक्यांत सगळें रहस्य आहे. साखर मागितली गेली ती तिसऱ्या पेल्याला. नातवानें मग पहिला व दुसरा एकत्र करून त्यांत ऐंशी ग्रॅम गरम पाणी घातलें. पेला तर चांगला भरला, आंबटपणा पाण्यानें सौम्य झाला, आणि अण्णांनीं तो बिनसाखरेचा संपविला. तिसरा पेला त्यांतच ओतला असता तर मापानें कॉफी वाढली असती, पण तिच्याबरोबर साखरेचा डबाही परत आला असता.

येथें आपल्या घरांतील एका जुन्या चालीविषयीं बोलणें भाग आहे. वापरलेला चोथा टाकून न देतां त्यावर पुन्हा पाणी घालून उकळणें, आणि त्या दुसऱ्या पाण्यांत थोडी ताजी पूड मिसळून दुपारची कॉफी भागविणें, ही काटकसर पुष्कळ घरांतून आम्हीं पाहिली आहे. बुंददाणा महाग होता, घरांत माणसें पंधरा होतीं, तेव्हां तिला अर्थ होता. शिवाय भरपूर दूध, साखर आणि जायफळ यांचें पांघरूण असल्यामुळें खालचा कडवटपणा कोणाला दिसत नसे; उलट दुधांतून लागावी म्हणून कॉफी जरा कडूच बरी, असें म्हणण्यांत येई. दूध-साखर गेली कीं हें पांघरूण जातें. म्हणून जी काटकसर दुधाच्या कॉफीला चालते ती बिनदुधाच्या कॉफीला मुळींच चालत नाहीं, आणि यंत्रांतून अधिक पाणी सोडून पेला भरणें हा त्याच काटकसरीचा नवा अवतार आहे.

तेव्हां लांब पेला करण्याच्या खऱ्या रीति दोन. पहिली, वर अण्णांच्या पेल्यांत झाली ती: आधीं उत्तम आखूड कॉफी काढावयाची आणि तिला निराळें गरम पाणी घालून लांबवावयाचें. १८ ग्रॅम पुडींतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ते ४० ग्रॅम कॉफी घ्यावी, धार तेथेंच थांबवावी, आणि तिच्यांत दुप्पट, फार तर अडीचपट गरम पाणी मिसळावें. पाणी उकळतें नको. उकळी येऊन दोन-तीन मिनिटें निवलेलें चांगलें. पाणी मागून घातलें कीं तिला ‘अमेरिकानो’ म्हणतात. महायुद्धांत इटलींत उतरलेल्या अमेरिकन शिपायांवरून हें नांव पडलें, असें सांगतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे याच्या उलट करतात: पेल्यांत आधीं पाणी घेऊन त्यावर कॉफी सोडतात, म्हणजे वरची साय मोडत नाहीं. आमच्या मतें नवशिक्याला ही उलटी रीतच बरी. सायीचा पेला पाहून वडील माणसास आपल्यापुढें उणें कांहीं आलेलें नाहीं, असें वाटतें, आणि पथ्यांत या वाटण्याला फार किंमत आहे.

दुसरी रीत खऱ्या लुंगोची. तींत सर्व पाणी पुडींतूनच जातें. पण त्यासाठीं पूड बदलावी लागते. नेहमींची एस्प्रेसोची पूड पिठीसाखरेहून थोडी जाड असते. लुंगोसाठीं ती बारीक मिठाच्या कणाइतकी करावी. कण मोठा झाला कीं पाणी अडत नाहीं, थोड्या वेळांत अधिक जातें, आणि कडवट भाग उतरावयास अवधि मिळत नाहीं. १८ ग्रॅम पुडींतून ५५ ते ७० ग्रॅम कॉफी ३० ते ४० सेकंदांत निघावी. धारेकडे लक्ष ठेवावें: तिचा रंग गडद तपकिरी असतो, मग मधासारखा होतो, आणि शेवटीं फिकट, पिंवळट पडून ती हेलकावे खाऊं लागते. फिकेपणा दिसतांच पेला काढून घ्यावा, मग आंकडा कांहींही असो. पूड तीच ठेवून नुसतें बटन अधिक वेळ दाबून धरणें याला लुंगो म्हणत नाहींत, जरी कित्येक यंत्रांवर त्या बटनाला तेंच नांव दिलेलें असतें.

दोहोंपैकीं कोणती पसंत करावी? ज्यांच्याकडे कण लहान-मोठा करतां येईल अशी चक्की आहे व घरांत एकच पिणारा आहे, त्यांनीं लुंगो करावी. तिच्यांत गोडसरपणा अधिक येतो आणि पेला एकजीव लागतो. चारजणांच्या घरांत, जेथें एकाला आखूड, दुसऱ्याला लांब व तिसऱ्याला दूध घालून हवी, तेथें पहिलीच रीत सोयीची. दर पेल्याला चक्की फिरवीत बसणें गृहिणीच्या वांट्याला येतें, हें यंत्र विकणारांच्या ध्यानीं येत नाहीं.

यंत्र नसलेल्यांनींही निराश होऊं नये. आमच्या भागांत तर यंत्र असलेल्यांनासुद्धां दुसरी सोय लागतेच, कारण पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. आल्फोन्सो बियालेत्ती यानें १९३३ सालीं काढलेलें ‘मोका’ नांवाचें ॲल्युमिनियमचें आठकोनी भांडें गॅसच्या शेगडीवर चालतें. खालच्या डब्यांत पाणी, मध्यें पुडीची चाळणी, वर कॉफी जमण्याचें पात्र, अशी त्याची रचना असते. त्यांतला दाब थोडा, म्हणून तिला शास्त्रानुसार एस्प्रेसो म्हणतां येणार नाहीं. पण लांब पेल्याला तिचा अर्क उत्तम. खालच्या डब्यांत आधींच तापविलेलें पाणी झडपेच्या खालपर्यंत भरावें, म्हणजे भांडें तापेपर्यंत पूड भाजत राहत नाहीं. पूड सपाट भरावी, दाबूं नये. आंच मंद ठेवावी, झांकण उघडें ठेवून पाहत राहावें, आणि धार पिंवळट होऊन गुरगुर ऐकूं येऊं लागण्यापूर्वीं भांडें उतरून त्याचें बूड ओल्या फडक्यावर टेकावें. ही गुरगुर म्हणजेच अण्णांचा तिसरा पेला. उतरलेल्या अर्कांत तितकेंच किंवा दीडपट गरम पाणी घातलें कीं झालें. ज्यांच्याकडे मद्रासी पद्धतीचें पितळेचें किंवा पोलादी फिल्टर आहे, त्यांनीं त्यांतील पहिल्याच अर्काच्या एका वाटीला दोन वाट्या पाणी घालून पाहावें. फिल्टरमध्यें दुसऱ्यांदां पाणी घालण्याचा मोह मात्र आवरावा.

पुडीविषयीं दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे, कारण पुष्कळांचा घोटाळा येथेंच होतो. बाजारांत मिळणाऱ्या फिल्टर कॉफीच्या पुष्कळ पुड्यांत चिकरी मिसळलेली असते. हें एका वनस्पतीचें भाजलेलें मूळ. त्यानें दुधाच्या कॉफीला रंग व दाटपणा येतो, आणि कायद्याप्रमाणें मिश्रणांत कॉफी निम्म्याहून अधिक, शेंकडा निदान ५१ भाग, असली म्हणजे झालें. दुधांत ती शोभते. काळ्या पेल्यांत तिचा जड कडवटपणा उघडा पडतो. पाकिटावर प्रमाण छापलेलें असतें, तें चष्मा लावून वाचावें आणि निव्वळ कॉफी घ्यावी. दुसरी गोष्ट जातीची. रोबस्टा जातीच्या दाण्यांत कॅफीन अरबिकाच्या जवळजवळ दुप्पट व कडूपणाही अधिक. तेव्हां बिनदुधाच्या पेल्याला अरबिका, आणि तीही मध्यम भाजलेली, फार काळी नव्हे.

असा दाणा पूर्वी घरगुती गिऱ्हाइकाला सहज मिळत नसे. १९४२ च्या कायद्यानें कॉफी बोर्ड स्थापन झालें व मळेवाल्यांचा माल एका सामाईक सांठ्यांत जाऊं लागला. कोणत्या मळ्याचा दाणा कोणाच्या पेल्यांत गेला हें कोणालाच सांगतां येत नसे. १९९६ सालीं मळेवाल्यांना आपला माल स्वतः विकण्याची पूर्ण मोकळीक मिळाली, आणि आज चिकमगळूरचा किंवा कुर्गचा एकाच मळ्यांतला ताजा भाजलेला दाणा टपालानें खेड्यांतही येऊं शकतो. आपल्या विदर्भांत कॉफी पिकते, हें तर विदर्भांतल्याच पुष्कळांस ठाऊक नसतें: अमरावती जिल्ह्यांतील चिखलदरा हें अकराशे मीटरांहून अधिक उंचीवरचें ठिकाण आहे, आणि महाराष्ट्रांत कॉफीची लागवड म्हणून त्याचेंच नांव घेतात. ज्यांना बसून, वाढणाराच्या हातून कॉफी घ्यावयाची आहे, त्यांच्यासाठीं नागपूर, रायपूर, जबलपूर येथें इंडियन कॉफी हाउस आहेतच. कॉफी बोर्डानें आपलीं उपाहारगृहें बंद करावयास घेतलीं, तेव्हां १९५७ पासून तेथील कामगारांनीं सहकारी संस्था काढून तीं चालविलीं, ही हकीकत पेल्याइतकीच चांगली आहे.

दाणा पावशेराहून अधिक एका वेळीं मागवूं नये. सध्यां आमच्याकडे भाताची रोवणी चालू आहे, आणि या दिवसांत हवेंत इतका ओलावा असतो कीं उघड्या डब्यांतील पूड दोन दिवसांत गोळा धरते व तिचा वास उडून जातो. दाणे घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावे आणि लागतील तेवढेच दळावे. घरांत स्वयंपाकाचें मिक्सर असेल तर तें सलग न फिरवितां थांबून थांबून फिरवावें. सलग फिरविल्यास पूड तापते आणि अर्धी पीठ, अर्धी भरड अशी होते. पाणी जड असेल, म्हणजे विहिरीच्या पाण्यानें पातेल्याला पांढरा थर धरत असेल, तर तोच थर यंत्राच्या पोटांतही धरणार. गाळलेलें मऊ पाणी वापरावें, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं लिंबूसत्त्वाचें पाणी यंत्रांतून फिरवून मागाहून स्वच्छ पाणी सोडावें.

प्रकृतीच्या दृष्टीनें विचारलेल्या प्रश्नांस थोडक्यांत उत्तरें देतों. अधिक तें आपल्या डॉक्टरांना विचारावें. निराळें पाणी घालून लांबविलेल्या पेल्यांत कॅफीन वाढत नाहीं. लुंगोंत किंचित् वाढतें. १८ ग्रॅम पुडीच्या पेल्यांत साधारणतः सव्वाशें मिलिग्रॅम कॅफीन धरावें. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं निरोगी प्रौढ माणसास दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रीस २०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असें ठरविलें. म्हणजे तीन पेल्यांवर थांबावें, व गरोदर भगिनींनीं एकावर. अंगांतील कॅफीन अर्धें व्हावयास सुमारें पांच तास लागतात, हें लक्षांत घेऊन वडील माणसांस दुपारी तीननंतर देऊं नये. ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक आहे त्यांच्यासाठीं एक सूचना: पुडीसकट उकळलेल्या कॉफीनें तें वाढतें, असें नॉर्वेंतील त्रोम्सो येथील पाहण्यांत दिसून आलें. आपली पातेल्यांतली कॉफी त्याच वर्गांतली. एस्प्रेसो मध्यम, आणि कागदाच्या गाळणींतून गेलेली सर्वांत निर्धोक. म्हणून अशांनीं लांब पेला पिण्यापूर्वीं कागदांतून गाळून घ्यावा. फेंस जातो, पण चव पुष्कळशी राहते.

स्त्रियांनीं आणखी एक गोष्ट जपावी. जेवणाबरोबर घेतलेल्या कॉफीनें अन्नांतील लोह अंगीं लागण्याचें प्रमाण बरेंच घटतें; १९८३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगांत तें शेंकडा ३९ नीं घटल्याचें आढळलें. जेवणानंतर तासाभरानें घेतली तरी तितकाच परिणाम दिसला. जेवणापूर्वीं तासभर घेतली तेव्हां कांहीं झालें नाहीं. ज्यांना रक्त कमी असल्याचें सांगण्यांत आलें आहे, त्यांनीं आपला पेला स्वयंपाकाला लागण्यापूर्वीं, निवांतपणें बसून घ्यावा. निवांतपणा कोठून आणावा, असें विचारणाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्या पत्राला उत्तर घरांतील पुरुष मंडळींनीं द्यावयाचें आहे.

जायफळाविषयींही विचारणा आहे. तें बिनदुधाच्या पेल्यावर चालतें काय? चालतें, सहाणेवर उगाळून नव्हे, तर किसणीवर दोनदांच फिरवून, आणि तेंही पहिले पंधरा दिवस. जिभेला जुनी ओळख पटते व पेला परका वाटत नाहीं. गुळाची सूट मात्र कोणी मागूं नये. मधुमेह्याच्या रक्ताला गूळ व साखर यांत फरक समजत नाहीं. कित्येक घरांत उपासाला चालते म्हणून दिवसभर कॉफीच पीत राहण्याची वहिवाट आहे. औषधें चालू असलेल्या मधुमेह्यानें तसें करणें धोक्याचें आहे, त्यानें उपासच डॉक्टरांना विचारून करावा. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमधील चहावरून ग्रामण्य झालें आणि मोठमोठ्यांना प्रायश्चित्ताचा वाद सोसावा लागला. त्या मानानें आजचें पथ्य सोपें आहे, येथें प्रश्न कोणाच्या हातचें प्यालें हा नसून पेल्यांत काय घातलें एवढाच आहे.

यंत्राच्या चाळणींतून निघालेल्या चोथ्याची वडी कुंडींतल्या मातींत थोडी थोडी मिसळावी. एकाच झाडाला रोज घालूं नये, वर थर धरून पाणी मुरेनासें होतें. फ्रिजमध्यें वास धरला असेल तर ती वाळवून वाटींत ठेवली असतां तो पुष्कळसा ओढून घेते. पुढील महिन्यांत, वाचकांनीं विचारल्याप्रमाणें, हातानें फिरवावयाच्या चक्क्यांविषयीं लिहूं.